डोक्याला मार लागलेले मूल पुन्हा मैदानात कधी?

कुही (जि. नागपूर), प्रतिनिधी : दिवाळी आटोपली की पूर्व विदर्भातील गावांना मंडईचे वेध लागतात. रात्री दंडार आणि खडी गंमत, दिवसा कबड्डीचे सामने, असा तो थाट असतो. नागपूर जिल्ह्याच्या पूर्वेला, भंडारा जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेला कुही तालुकाही याला अपवाद नाही. त्याच्याच आगेमागे शालेय क्रीडा स्पर्धांचा हंगाम असतो. १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलामुलींचे संघ तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून विभागाला आणि तेथून राज्य पातळीवर जातात. कुही, भिवापूर, उमरेडची मुले या निमित्ताने नागपूर शहरातील मैदाने प्रथमच पाहतात.

या हंगामात कोणत्याही मैदानावर घडू शकेल असा एक प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा चढाईला जातो. पकड होते, तिघे-चौघे त्याच्यावर कोसळतात आणि या गोंधळात कुणाचा तरी गुडघा त्याच्या कानशिलावर आदळतो. मुलगा क्षणभर बसून राहतो. कुणी तोंडावर पाणी मारतो, कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो. ‘बरं वाटतंय ना?’ असे विचारले जाते, मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या मिनिटाला पुन्हा मैदानात उभा राहतो. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने या साऱ्या प्रसंगात सर्वांत धोकादायक काय असेल, तर ते गुडघ्याचा मार हे नसून पुढच्या मिनिटाला मैदानात परतणे हे आहे.

डोक्याला बसलेल्या अशा धक्क्याने मेंदूचे काम काही काळ विस्कळीत होते. त्याला डॉक्टर ‘कन्कशन’ म्हणतात. क्रिकेटमुळे हा शब्द आता मराठी घरांतही पोहोचला आहे. ३१ जानेवारी २०२५ रोजी पुण्याजवळील गहुंजे येथे भारत आणि इंग्लंड यांच्यातील ट्वेन्टी-२० सामन्यात शिवम दुबेच्या हेल्मेटवर जेमी ओव्हर्टनचा चेंडू आदळला. क्षेत्ररक्षणाच्या वेळी त्याच्या जागी हर्षित राणा ‘कन्कशन बदली’ म्हणून उतरला आणि त्याने तीन बळी घेतले. फलंदाजी अष्टपैलूच्या जागी वेगवान गोलंदाज कसा चालला, यावर पुढे कित्येक दिवस वाद रंगला. मात्र दुबे दोनच दिवसांनी, २ फेब्रुवारीला, वानखेडेवर पुन्हा खेळला, याची चर्चा त्या मानाने झाली नाही. त्यानंतर त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने नियम कडक केले. कन्कशनचे निदान झालेल्या खेळाडूला आता किमान सात दिवस खेळापासून दूर राहणे बंधनकारक आहे.

दुबे हा प्रौढ, व्यावसायिक खेळाडू. त्याच्या दिमतीला संघाचे डॉक्टर असतात. दूरचित्रवाणीवर हे पाहणाऱ्या मुलाला आणि त्याच्या प्रशिक्षकाला मात्र ‘दोन दिवसांत परत येता येते’ एवढेच दिसते. मुलांच्या बाबतीत हिशेब वेगळा आहे आणि तो दिवसांचा नसून आठवड्यांचा आहे.

कवटीच्या आत काय घडते?

मेंदू कवटीत घट्ट बसवलेला नसतो. तो एका द्रवात तरंगत असतो. डोक्याला, मानेला किंवा अगदी छातीला जोराचा धक्का बसला तरी डोके झटक्याने हलते आणि त्याबरोबर मेंदूही हिंदकळतो. या हिंदकळण्याने मज्जापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पेशींतील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते आणि हा बिघडलेला समतोल सावरण्यासाठी पेशींना एकदम जास्त ऊर्जा लागते. नेमक्या याच वेळी मेंदूकडे येणारा रक्तपुरवठा मात्र कमी झालेला असतो. मागणी वाढलेली आणि पुरवठा घटलेला, अशा टंचाईत मेंदू काही दिवस, कधी काही आठवडे काढतो. या काळात दुसरा धक्का बसला, तर तो पहिल्यापेक्षा हलका असूनही अधिक नुकसान करू शकतो.

मुलांच्या बाबतीत आणखी काही गोष्टींची भर पडते. शरीराच्या मानाने त्यांचे डोके मोठे असते, मानेचे स्नायू कच्चे असतात आणि मेंदूची वाढ अजून सुरू असते. त्यामुळे प्रौढांपेक्षा त्यांना सावरायला साधारणपणे जास्त वेळ लागतो. बहुतेक मुले चार आठवड्यांच्या आत बरी होतात. काहींना त्याहून अधिक काळ लागतो.

यातील सर्वांत मोठा गैरसमज बेशुद्धीचा आहे. ‘शुद्ध हरपली नाही, म्हणजे काही झाले नाही’ असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात कन्कशन झालेल्यांपैकी फारच थोडे बेशुद्ध पडतात. डोकेदुखी, गरगरणे, मळमळ, उजेड किंवा आवाज सहन न होणे, डोळ्यांपुढे धूसर दिसणे, चालताना तोल जाणे, उत्तर द्यायला वेळ लागणे, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, विनाकारण रडू येणे किंवा चिडचिड होणे ही खरी लक्षणे. लहान मुलांना ती शब्दांत सांगता येत नाहीत. नेहमी बडबडणारे मूल गप्प बसले किंवा खेळणारे मूल कोपऱ्यात जाऊन आडवे झाले, तर तीच खूण समजावी.

दुसरा गैरसमज सिटी स्कॅनविषयी आहे. ‘स्कॅन नॉर्मल आला, आता खेळू द्या’ हे वाक्य पालकांकडून आणि प्रशिक्षकांकडून नेहमी येते. स्कॅनमध्ये रक्तस्राव किंवा कवटीचे हाड मोडलेले दिसते. पेशींमधील ऊर्जेची टंचाई त्यात दिसत नाही. कन्कशनमध्ये स्कॅन बहुधा नॉर्मलच येतो. त्याचा अर्थ शस्त्रक्रियेची गरज नाही, एवढाच. तो मैदानात उतरण्याचा परवाना नव्हे. गरज नसताना मुलाला स्कॅनच्या किरणोत्सर्गाला सामोरे नेण्याचेही कारण नाही. स्कॅन हवा की नको, हे तपासणाऱ्या डॉक्टरांना ठरवू द्यावे.

त्याच दिवशी पुन्हा नाही

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲमस्टरडॅम येथे जगभरातील तज्ज्ञांची क्रीडा-कन्कशनवरील सहावी आंतरराष्ट्रीय परिषद झाली. तिचे एकमताचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि आज बहुतेक देशांची मार्गदर्शक तत्त्वे त्यावरच बेतलेली आहेत. त्यातील पहिला नियम सुटसुटीत आहे. कन्कशनची नुसती शंका आली तरी खेळाडूने मैदान सोडायचे आणि त्या दिवशी पुन्हा उतरायचे नाही. मुलांच्या बाबतीत या नियमाला कसलीही सूट नाही.

शंका आली की नाही, हे ओळखायला मोठ्या यंत्रसामग्रीची आवश्यकता नाही. बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलाला काही साधे प्रश्न विचारता येतात. आपण आत्ता कोणत्या गावात, कोणत्या मैदानावर आहोत? पहिला डाव सुरू आहे की दुसरा? शेवटचा गुण कोणाला मिळाला? याआधीचा सामना कोणाशी झाला आणि तो आपण जिंकलो का? एकाही उत्तरात गोंधळ झाला, तर सामना त्याच्यापुरता संपला. मात्र उत्तरे अचूक आली म्हणून धोका टळला, असेही मानता येत नाही, कारण लक्षणे कधीकधी तासांनी, तर कधी दुसऱ्या दिवशी उमटतात.

याचे ठळक उदाहरण ऑगस्ट २०१९ मधील लॉर्ड्स कसोटीचे. जोफ्रा आर्चरचा उसळता चेंडू मानेवर आदळून ऑस्ट्रेलियाचा स्टीव्ह स्मिथ मैदानावर कोसळला. तपासण्यांत तो उत्तीर्ण झाला, पाऊण तासाच्या आत पुन्हा फलंदाजीला आला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र त्याला डोकेदुखी आणि सुस्ती जाणवू लागली. त्याला सामन्यातून बाहेर काढावे लागले आणि मार्नस लबुशेन हा कसोटी क्रिकेटमधील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला. पुढची कसोटीही स्मिथला मुकावी लागली. जगातील उत्तमोत्तम वैद्यकीय व्यवस्था हाताशी असतानाही पहिल्या तासात निदान निसटू शकते, तर तालुक्याच्या मैदानावर ‘बरं वाटतंय’ या दोन शब्दांवर किती विसंबायचे, याचा विचार व्हायला हवा.

काही खुणा दिसल्या तर मात्र वाट पाहायची नसते. पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका येणे, शुद्ध हरपणे, झोपेतून नीट जागे न होणे, हातापायांत अशक्तपणा, बोबडे बोलणे, मानेत तीव्र वेदना, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणे यांपैकी काहीही आढळल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी आणि मूल थेट रुग्णालयात न्यावे. मान दुखत असेल, तर जाणकार येईपर्यंत त्याला हलवू नये. अशा वेळी प्रश्न कन्कशनचा राहत नाही, तो कवटीतील रक्तस्रावाचा असू शकतो. भारताचा माजी कसोटीपटू रमण लांबा फेब्रुवारी १९९८ मध्ये ढाक्यातील एका क्लब सामन्यात हेल्मेटविना फलंदाजाजवळ क्षेत्ररक्षण करीत असताना चेंडू त्याच्या कपाळावर आदळला. तो स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. थोड्याच वेळात त्याची प्रकृती ढासळली आणि तीन दिवसांनी त्याचे निधन झाले. मार लागलेला माणूस चालतो-बोलतो आहे, एवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, ते यामुळेच.

या खुणा नसतील आणि डॉक्टरांनी घरी जाऊ दिले असेल, तर मुलाला एकटे सोडू नये. रात्रभर त्याला जागे ठेवण्याची जुनी रीत मात्र सोडून द्यावी. झोप मेंदूला हवीच असते. डोकेदुखीसाठी पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या पहिल्या दोन दिवसांत डॉक्टरांच्या सल्ल्याविना देऊ नयेत, कारण त्यांनी रक्तस्रावाची शक्यता वाढते.

अंधारी खोली नको, मोबाईलही नको

काही वर्षांपूर्वीपर्यंत अशा मुलांना आठवडाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहायला सांगितले जाई. तो सल्ला आता मागे पडला आहे. २०१५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ११ ते २२ वर्षे वयाच्या ८८ रुग्णांची पाहणी करण्यात आली. पाच दिवस कडक विश्रांती घेतलेल्यांनी, एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू कामाला लागलेल्यांपेक्षा अधिक लक्षणे नोंदवली. २०१९ मधील दुसऱ्या एका अभ्यासात १३ ते १८ वर्षांच्या १०३ खेळाडूंपैकी काहींना लक्षणे बळावणार नाहीत इतपत हलका व्यायाम देण्यात आला, तर उरलेल्यांना केवळ ताणाचे व्यायाम. पहिला गट साधारण १३ दिवसांत बरा झाला, दुसऱ्याला १७ दिवस लागले.

म्हणजे पहिले एक-दोन दिवस सापेक्ष विश्रांती घ्यावी. घरात वावरावे, अंगणात फिरावे, हलके बोलावे-चालावे. त्यानंतर रोजच्या जीवनाकडे परतायला सुरुवात करावी. या पहिल्या दोन दिवसांत खरी काटछाट करायची ती मोबाईल आणि टीव्हीची. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिले ४८ तास पडद्यापासून दूर राहिलेल्यांची लक्षणे साधारण साडेतीन दिवसांत ओसरली, तर पडदा पाहत राहिलेल्यांना आठ दिवस लागले. ‘खेळायला नाही ना, मग मोबाईल तरी घे’ अशी समजूत घालणाऱ्या पालकांसाठी ही आकडेवारी विचार करायला लावणारी आहे.

खेळाच्या आधी शाळा, हा क्रमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. मूल वर्गात दिवसभर बसू शकत नसेल, तर ते मैदानावरही जाऊ शकत नाही. सुरुवातीला घरी अर्धा-पाऊण तास वाचन, मग विश्रांती. जमले तर अर्धा दिवस शाळा, मग पूर्ण दिवस. या काळात लेखी चाचण्या पुढे ढकलाव्यात, गृहपाठ कमी द्यावा आणि खिडकीच्या झगझगीत उजेडापासून दूर बसू द्यावे. शिकवणीचा वर्ग आठवडाभर बुडाला तर काही बिघडत नाही. वर्गात थोडे डोके दुखले म्हणून लगेच घरी बसवण्याचीही गरज नसते. मात्र त्रास पूर्वीपेक्षा बराच वाढला आणि तासाभरातही उतरला नाही, तर दिवसाचे काम जास्त झाले असे समजावे.

परतीच्या पायऱ्या

मैदानावरचे पुनरागमन सहा पायऱ्यांनी होते. प्रत्येक पायरीवर किमान २४ तास काढायचे आणि त्रास झाला नाही, तरच पुढे जायचे. ॲमस्टरडॅमच्या निवेदनातील या पायऱ्या सर्व खेळांसाठी आहेत. आपल्याकडे त्या कबड्डीच्या भाषेत मांडल्या तर अधिक उमगतात.

पहिली पायरी म्हणजे घरातील नेहमीचे वावरणे आणि चालणे. दुसऱ्या पायरीवर भरभर चालणे किंवा जागेवरची सायकल, नंतर हळू धावणे. येथे नाडीच्या ठोक्यांची मर्यादा असते. चौदा वर्षांच्या मुलासाठी सुरुवातीला मिनिटाला साधारण ११३ ठोके, नंतर १४४ पर्यंत. नाडी मोजणे जमत नसेल, तर मुलगा धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलू शकतो का, हे पाहावे. तिसरी पायरी एकट्याच्या सरावाची. रिकाम्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषेपर्यंत पदन्यास, वळणे, माघारी येणे. समोर एकही बचावपटू उभा नसावा. एका दमात ‘कबड्डी-कबड्डी’ म्हणण्याचा ताणही येथूनच हळूहळू वाढवावा, कारण श्वास रोखून धरल्याने डोकेदुखी उसळू शकते.

या तीन पायऱ्यांवर थोडीशी लक्षणे शिल्लक असली तरी चालतात. शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर त्रास दोन अंकांपेक्षा जास्त वाढला नाही आणि तासाभरात खाली आला, तर सराव सुरू ठेवता येतो. त्याहून वाढला, तर त्या दिवशी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करायचा.

चौथ्या पायरीचा उंबरठा वेगळा आहे. विश्रांतीत किंवा श्रमानंतर कसलेही लक्षण उरले नसेल, विचार आणि स्मरण पूर्ववत झाले असेल, तेव्हाच तो ओलांडायचा. या पायरीवर सहकाऱ्यांसोबत सराव असतो, पण अंगाशी झोंबाझोंबी नसते. बोनसचा प्रयत्न, हाताचा स्पर्श, साखळीची जागा बदलणे हे चालेल. पट काढणे, डॅश, पकड हे नाही. पाचवी पायरी पूर्ण सरावाची, पकडीसहित. तिच्याआधी डॉक्टरांची लेखी परवानगी हवी. सहावी पायरी म्हणजे सामना. चौथ्या ते सहाव्या पायरीवर कधीही लक्षणे परतली, तर तिसऱ्या पायरीवर मागे यायचे आणि ती पूर्ण मिटेपर्यंत पुढे जायचे नाही.

पायऱ्या नुसत्या मोजल्या तर आठवड्याभरात सामना खेळता येईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. हौशी आणि शालेय खेळाडूंसाठी ते पुरेसे नाही, असे ब्रिटनने २०२३ मध्ये आणि ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये ठरवले. दोन्ही देशांच्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा सारखा आहे. सलग १४ दिवस लक्षणांविना गेल्याशिवाय अंगाशी भिडण्याचा सराव नाही आणि मार लागल्यापासून २१ दिवसांच्या आत सामना नाही.

हा हिशेब तारखांत मांडून पाहावा. मुलाला १ नोव्हेंबरला मार लागला आणि त्याची शेवटची डोकेदुखी ६ नोव्हेंबरला होती. ७ ते २० हे चौदा दिवस निर्वेध गेले, तर २१ नोव्हेंबरपासून पकडीचा सराव आणि २२ किंवा त्यानंतर सामना. डोकेदुखी १५ नोव्हेंबरपर्यंत रेंगाळली असेल, तर सराव ३० नोव्हेंबरपासून आणि सामना डिसेंबरात. तालुक्याची स्पर्धा १ तारखेला आणि जिल्ह्याची १० तारखेला असेल, तर जिल्ह्याची स्पर्धा गेली. येथे पळवाट नाही.

‘हो सर, बरा आहे’

नियम येथेच माणसांना टोचतो. जिल्ह्याची स्पर्धा गेली म्हणजे कदाचित वर्ष गेले. पुढच्या वर्षी वयोगट बदलतो. दहावी-बारावीला खेळाडूंना मिळणारे सवलतीचे गुण, पुढे शासकीय नोकऱ्यांतील ५ टक्के खेळाडू आरक्षण, ही स्वप्ने शहरातल्यापेक्षा तालुक्यातील घरांना अधिक जवळची असतात. शेतकऱ्याच्या किंवा मजुराच्या मुलाला कबड्डीतून पोलीस भरतीची वाट दिसत असेल, तर डोके दुखत असल्याचे तो आपण होऊन सांगेल, ही अपेक्षाच भाबडी आहे. म्हणून खेळायचे की नाही, हा निर्णय मुलावर सोडता कामा नये. तो प्रशिक्षकावरही एकट्याने पडू नये, कारण विजयाचे ओझे त्याच्याही खांद्यावर असते. कबड्डीच्या संघात सात जण मैदानात आणि पाच राखीव असतात. ते पाच जण अशाच वेळेसाठी आहेत, एवढे तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

मुले लपवतात, हे कॅनडाने फार मोठी किंमत देऊन जाणले. मे २०१३ मध्ये ओटावा येथील १७ वर्षांची रग्बीपटू रोवन स्ट्रिंगर हिला एका आठवड्यात एकाहून अधिक वेळा डोक्याला मार लागला. आपल्याला कन्कशन झाले असावे, असे तिने मैत्रिणींना कळवले होते, मोबाईलवर त्याची माहितीही शोधली होती. घरच्यांना आणि प्रशिक्षकांना मात्र ते समजले नाही. ती पुढचा सामना खेळली, त्यात पुन्हा आपटली आणि वाचू शकली नाही. ओंटारिओ प्रांताने २०१८ मध्ये तिच्या नावाने कायदा केला. त्याआधी २०११ मध्ये उत्तर आयर्लंडमधील १४ वर्षांचा बेन रॉबिन्सन शालेय रग्बी सामन्यात डोक्याला वारंवार मार लागूनही खेळत राहिला आणि दोन दिवसांनी दगावला. पहिल्या धक्क्यातून मेंदू सावरण्याआधी दुसरा धक्का बसला, तर मेंदूतील रक्तप्रवाहाचे नियंत्रण कोलमडून तो झपाट्याने सुजू शकतो. ‘दुसऱ्या आघाताचा विकार’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार दुर्मीळ आहे, त्याच्या स्वरूपाविषयी तज्ज्ञांत मतभेदही आहेत. पण त्याचे बळी प्रामुख्याने किशोरवयीनच असतात. बेनच्या मृत्यूच्या चौकशीत हेच कारण नोंदवले गेले.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील झॅकरी लिस्टेट हा १३ वर्षांचा मुलगा २००६ मध्ये शाळेच्या फुटबॉल सामन्यात डोके आपटल्यावर थोडा वेळ बसून पुन्हा उतरला. सामन्यानंतर तो कोसळला. तो वाचला, परंतु त्याला कायमचे अपंगत्व आले. २००९ मध्ये त्याच्या नावाने झालेल्या कायद्याने, शंका येताच मुलाला बाहेर काढणे आणि वैद्यकीय लेखी परवानगीविना परत न घेणे शाळांना बंधनकारक केले. २०१४ पर्यंत अमेरिकेतील सर्व ५० राज्यांत अशा स्वरूपाचे कायदे झाले.

एकदा कन्कशन झालेल्या मुलाला पुढे ते पुन्हा होण्याची शक्यता वाढते, हेही पालकांनी जाणून घ्यावे. ऑस्ट्रेलियाचा विल पुकोव्स्की जानेवारी २०२१ मध्ये सिडनीत भारताविरुद्ध पदार्पणातच ६२ धावा करून गेला, तेव्हा त्याचे नाव मोठे होणार असे सारेच म्हणत होते. शाळकरी वयात फुटबॉल खेळताना डोक्याला लागलेल्या गुडघ्यापासून त्याच्या दुखण्याची मालिका सुरू झाली होती. ती थांबली नाही आणि एप्रिल २०२५ मध्ये वयाच्या २७ व्या वर्षी, त्या एकमेव कसोटीच्या पुंजीवर त्याला क्रिकेट सोडावे लागले. हेल्मेट कवटीचे हाड वाचवते, मेंदूचे हिंदकळणे ते थांबवू शकत नाही. कबड्डीत तर तेही नसते.

कुहीसारख्या ठिकाणी काय करावे?

नागपूर येथून सुमारे ४० किलोमीटर अंतरावर आहे. मैदानालगत डॉक्टर असणे ही तालुक्याच्या स्पर्धेत चैन वाटेल, पण जवळच्या डॉक्टरांचा क्रमांक, वाहनाची सोय आणि मुलाला बाहेर काढण्याचा अधिकार कोणाकडे, हे सामन्याआधी ठरवायला पैसे लागत नाहीत. तो अधिकार निकालात रस नसलेल्या व्यक्तीकडे, म्हणजे पंचांकडे किंवा दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांकडे असावा, असे या प्रतिनिधीला वाटते.

पहिली तपासणी जवळच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी व्हावी. पूर्वी कन्कशन झाले असेल, झटके येत असतील, मायग्रेनचा किंवा अभ्यासात लक्ष न लागण्याचा त्रास आधीपासून असेल, तर ते आवर्जून सांगावे. अशा मुलांना सावरायला अधिक वेळ लागू शकतो. लक्षणे चार आठवड्यांनंतरही टिकून राहिली किंवा वर्षभरात दुसऱ्यांदा मार लागला, तर मेंदूविकारतज्ज्ञांचा सल्ला अनिवार्य समजावा. त्यासाठी नागपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा मिहानमधील एम्स गाठता येते. मुलगा सायकलवरून पडला असेल किंवा झाडावरून, तरी सारे नियम तेच. मार मैदानावर लागला नाही म्हणून कबड्डीला लगेच जाता येते, असे नाही.

डॉक्टरांकडे जाताना एक कागद सोबत न्यावा. मार किती वाजता लागला, कशाचा लागला, कुठे लागला, त्यानंतर मूल किती वेळ गोंधळलेले होते, उलटी झाली का, शेवटचा गुण त्याला आठवत होता का, हे क्रीडा शिक्षकांनी जागेवरच त्यावर लिहून सही करावी. आईवडील बहुधा सामन्याला हजर नसतात आणि मुलाला नेमका तेवढाच वेळ आठवत नाही. त्याच कागदाच्या मागे पुढचे तीन आठवडे रोजची डोकेदुखी शून्य ते दहाच्या अंकात लिहीत गेल्यास, चौदा निर्वेध दिवस कधी भरले हे डॉक्टरांना विचारावे लागणार नाही.